सोसायटीची वॉकीटॉकी, भाच्याचं डोंगल आणि "३८ प्रायव्हसी कोड"

पानशेतकर (धागाकर्ता)

मंडळी, तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या सोसायटीत तीन विंग आणि दोन गेटं आहेत. दोन वर्षांपूर्वी वॉचमन लोकांसाठी सहा वॉकीटॉकी मागवले, ऑनलाइनच. खोक्यावर ठळक छापलं होतं, "३८ प्रायव्हसी कोड". समितीच्या बैठकीत मीच छातीठोकपणे सांगितलं होतं की आपलं बोलणं आपल्यातच राहणार.

गेल्या रविवारी भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्याकडे पेनड्राइव्हएवढं एक रेडिओ डोंगल आहे. ते त्याने लॅपटॉपला लावलं आणि वीतभर अँटेना बाल्कनीच्या ग्रिलला अडकवली. स्क्रीनवर निळ्या पाण्यासारखं काहीतरी वरून खाली वाहायला लागलं. मधेच त्यात एक पिवळी रेघ उमटली. त्याने रेघेवर क्लिक केलं आणि हॉलमध्ये आमच्या मोरेमामांचा आवाज: "सातशे दोनला कुलूप आहे, पाच तारखेपर्यंत गावाला गेलेत, पार्सल खालीच ठेवून घेतो."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मोरेमामा वर कधी आले?"

भाच्याने कसलाच कोड टाकला नव्हता. मग ते ३८ कोड कशाचे? समितीत आता दोन तट पडलेत. एक म्हणतो, डिजिटल सेट घ्या, विषय संपला. दुसरा म्हणतो, अहो लोक पोलिसांचं ऐकतात, तुमच्या पार्सलांचं काय घेऊन बसलात. हे पोलिसांचं कितपत खरं? जाणकारांनी सांगावं.

हॅमकाका

पानशेतकर, तुम्ही एकटे नाही. त्या दोन शब्दांनी निम्म्या जगाला गंडवलंय.

तो कोड म्हणजे तुमच्या आवाजाखाली सतत वाजणारा एक बारीक सूर. ६७ ते २५० हर्ट्झच्या मधला, स्पीकरपर्यंत पोचण्याआधीच गाळून टाकलेला. तुमचा सेट एवढंच बघतो की येणाऱ्या लहरीत आपला ठरलेला सूर आहे का. असला तर स्पीकर उघडतो, नसला तर गप्प बसतो. म्हणजे कोड ७ लावला की बाकीच्यांची बडबड *तुम्हाला* ऐकू येत नाही. तुमची मात्र सगळ्यांना येते. कानात बोळे घालून बसलं म्हणून आपलं बोलणं शेजाऱ्याला ऐकू यायचं थांबतं का? भाच्याचं डोंगल त्या सुराकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून त्याला कोड लागला नाही.

एकच चॅनल अनेकांनी वापरताना कटकट कमी व्हावी, एवढ्यासाठी ही जुनी सोय आहे. तिला "प्रायव्हसी" हे नाव विक्री खात्याने दिलं.

आता "डिजिटल घ्या, विषय संपला" याबद्दल. डिजिटल म्हणजे आवाजाचे आकडे केले, बस्स. त्या आकड्यांना कुलूप लावणं हे वेगळं काम. डीएमआर जातीच्या डिजिटल सेटचं कुलूपबंद नसलेलं बोलणं फुकटच्या सॉफ्टवेअरने ऐकता येतं. मोटोरोलाच्या मोटोट्रबोमध्ये "बेसिक प्रायव्हसी" म्हणून सोय असते. त्यात किल्ल्या किती? २५५. वैतागलेला माणूससुद्धा एका दुपारी सगळ्या लावून बघेल, संगणकाला तर चहा होईपर्यंतचाही वेळ लागणार नाही. एईएस २५६ नावाचं अस्सल मजबूत कुलूप असलेले सेट मिळतात, पण ते महाग, आणि किल्ल्या भरण्याचं काम कोण करणार ते आधी ठरवा.

अवांतर: आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, लोकांना हा प्रश्नच नाही. आमच्या परवान्यात सांकेतिक भाषेत बोलायची मुभाच नसते. जे बोलायचं ते उघड.

शंकासुर

मोरेमामांचा कार्यक्रम रोज किती वाजता असतो? ;)

मृणाल_डेल्फ्ट

पोलिसांचं ऐकतात का, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण मी राहते त्या देशातच हे प्रकरण बाहेर आलं.

युरोपातल्या बऱ्याच देशांत पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका हे सगळे टेट्रा नावाच्या प्रणालीवर बोलतात. नेदरलँड्समध्ये त्या जाळ्याचं नाव सी२०००. टेट्राचं मानक एत्सी या युरोपीय संस्थेने १९९५ मध्ये आणलं. मानक उघड, पण आतले कुलपाचे अल्गोरिदम गुप्त. करारावर सही केलेल्या कंपन्यांनाच दाखवायचे. चार प्रकार होते, टीईए १ ते ४. टीईए२ युरोपातल्या पोलीस वगैरे लोकांसाठी राखीव, टीईए३ मित्रदेशांतल्या तशाच यंत्रणांसाठी, आणि टीईए१ कारखाने, बंदरं, वीज कंपन्या, परदेशी निर्यात यांच्यासाठी.

मिडनाइट ब्लू नावाच्या छोट्या डच कंपनीतल्या तिघांनी, कार्लो मायर, वाउटर बोक्सलाख आणि योस वेटझेल्स यांनी, मोटोरोलाचा एक टेट्रा सेट ईबेवरून विकत घेतला. आधी त्या सेटच्याच सॉफ्टवेअरमधल्या फटी शोधल्या, त्यातून आत शिरले, मग सेटच्या सुरक्षित कप्प्यात जपून ठेवलेले अल्गोरिदम बाहेर काढले. काढून बघतात तर काय!

टीईए१ ची किल्ली कागदोपत्री ८० बिटांची. पण आत शिरल्यावर पहिल्याच पायरीत ती पिळून ३२ बिटांची केलेली. म्हणजे दाराला आठ लिव्हरचं कुलूप दिसतं आणि आतून नुसती कडी. ३२ बिट म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण संगणकाने सेकंदाला दहा कोटी किल्ल्या लावल्या असं धरा, पाऊण मिनिटात संपल्या. त्यांनी साध्या लॅपटॉपवर मिनिटाच्या आत करून दाखवलं. मग खोडी म्हणून १९९८ च्या तोशिबा लॅपटॉपवरही केलं, त्याला बारा तास लागले.

आणि ही काही फक्त बोलण्याची गोष्ट नाही. टीईए१ वरून वीज उपकेंद्रांतले आणि रेल्वेतले यंत्रांचे निरोपही जातात. किल्ली हाती आली की ऐकता येतं, आणि ऐकता आलं की खोटा निरोप घुसवताही येतो. तारांवरचा ब्रेकर उघडायला सांगणारा, उदाहरणार्थ.

एकूण पाच दोष निघाले, नाव पडलं टेट्रा:बर्स्ट. डच सरकारी यंत्रणेला त्यांनी आधी कळवलं, दीड वर्षाहून जास्त काळ तोंड बंद ठेवलं, जुलै २०२३ मध्ये जाहीर केलं.

शंकासुर

मृणाल, हे वाचून मला उलटंच वाटतंय. १९९५ ते २०२३, अठ्ठावीस वर्षं कोणाला पत्ता नव्हता. म्हणजे गुप्त ठेवल्याचा फायदाच झाला की! तिघांनी खाजवून खरूज काढली आणि आता प्रत्येक भाच्याला माहीत.

मृणाल_डेल्फ्ट

"कोणाला पत्ता नव्हता" हे कशावरून म्हणता? रेडिओ ऐकणाऱ्याचं पाऊल वाजत नाही. ज्याला हे १९९९ साली कळलं असेल तो काय वर्तमानपत्रात जाहिरात देणार होता? ज्यांचा फायदा होता ते गप्प होते, असं म्हणा फार तर.

कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, फक्त किल्ली पडता कामा नये, हे १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्सने लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे हे गृहस्थ जन्माने डचच.

एत्सीचं म्हणणं होतं की हा चोरदरवाजा नाही, त्या काळच्या निर्यातीच्या नियमांत बसावं म्हणून ताकद तेवढीच ठेवली. मला ते अर्धं पटतं. नव्वदच्या दशकात मजबूत कुलपं निर्यात करायला खरोखरच बंदी असायची. न पटणारं अर्धं हे की मग ८० बिट कशाला सांगायचे? ३२ म्हणून सांगा, घेणारा ठरवेल काय बोलायचं नि काय नाही.

हॅमकाका

निर्यातीसाठी पातळ केलेला माल ही त्या काळची रीतच होती. मोबाइलच्या जीएसएममध्ये ए५/१ आणि निर्यातीसाठी मुद्दाम कमकुवत केलेला ए५/२ असे दोन अल्गोरिदम होते. ए५/२ चा निकाल १९९९ मध्येच लागला.

मृणाल, बाकीच्या चार दोषांतला वेळेचा दोष पण सांग ना. मला सगळ्यात सुंदर तोच वाटला. (चोरीला सुंदर म्हणू नये, पण.)

मृणाल_डेल्फ्ट

काका, हो. तो टीईए१ पुरता नाही, चारही प्रकारांना लागू आहे, म्हणून पोलिसांना खरा झोंबला तो हाच.

टेट्रात बोलण्यावर आकड्यांची एक माळ चढवतात आणि ती माळ किल्ली आणि घड्याळ या दोन्हींवरून तयार होते. भिंतीवरच्या कालनिर्णयासारखं समजा. आजच्या तारखेच्या घरात जे आकडे, ते आजच्या निरोपात मिसळायचे. उद्या दुसरं घर. एकच घर दोनदा वापरायचं नाही, हा सगळ्या खेळाचा पाया.

आता सेटला आजची तारीख कोण सांगतं? टॉवर. आणि टॉवर ती उघड्यावर ओरडून सांगतो, खरा टॉवरच बोलतोय का हे तपासायची सोय नाही. मग चोर काय करतो? मंगळवारचं कुलूपबंद बोलणं नुसतं टेप करून ठेवतो. शनिवारी खोटा टॉवर उभा करून सेटला सांगतो, "आज मंगळवार आहे." सेट बिचारा मंगळवारचं घर पुन्हा उघडतो. आता तो जे बोलेल त्यातला काही मजकूर चोराला आधीच ठाऊक असला की त्या घरातले आकडे सुटतात, आणि तेच आकडे टेपला लावले की मंगळवारचं बोलणं मोकळं. किल्ली शेवटपर्यंत कळत नाही. गरजच पडत नाही.

यावर सेटचं फर्मवेअर बदलून उपाय करता येतो. टीईए१ ला मात्र तसा उपाय नाही, अल्गोरिदमच बदलायला हवा किंवा वरून वेगळं कुलूप घालायला हवं.

आणि वरच्या कुलपाचीही कथा आहे. ज्यांना जास्त गुप्तता हवी ते टोकापासून टोकापर्यंत वेगळं कूटलेखन लावतात. त्याच तिघांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एका सेटमधलं तसलं कूटलेखन उघडून दाखवलं. १२८ बिटांची किल्ली, आत पिळून ५६. मी बातमी वाचून हसलेच.

बाकी एत्सीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की अल्गोरिदम आता सगळ्यांसाठी खुले करतोय. शंकासुर, तुमच्या मुद्द्याला त्यांचं उत्तर समजा.

शंकासुर

बरं बाई, हरलो. पण एक विचारतो. हे सगळं सूटबूटवाल्या चोरांचं झालं. कुलूप अस्सल असलं, किल्ली अस्सल असली, तर मग माणूस सुरक्षित ना?

हॅमकाका

शंकासुर, तुला याच प्रश्नाची शिक्षा म्हणून मोठा प्रतिसाद वाचायला लावतो.

अमेरिकेत टेट्राऐवजी पी२५ नावाची प्रणाली आहे. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मॅट ब्लेझ आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर निबंध वाचला. कूटलेखन त्यांनी फोडलं नाही. त्यांनी दोन वर्षं मोठ्या शहरांत केंद्रीय तपास यंत्रणांच्या चॅनलवर नुसता कान ठेवला. ज्या यंत्रणांकडे उत्तम कुलूप होतं, किल्ल्या भरलेल्या होत्या, आणि ज्यांची कुलूप लावूनच बोलायची पद्धत होती, त्यांच्या. तरी एकेका शहरात दिवसाला सरासरी वीस-तीस मिनिटं बोलणं उघडं सापडलं. त्यात काय काय? पाळत कोणावर ठेवली आहे, खबऱ्या कोण आहे, तो कसा दिसतो.

कारणं वाचली आणि मला माझीच लाज वाटली, इतकी घरगुती आहेत. सेटच्या माथ्यावर एक चिमुकली कळ. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला त्याच गोलावर रेघ. कुठली बाजू "कुलूप लावलं" आणि कुठली "उघडं", हे अंधारात गाडी चालवणाऱ्या माणसाने बोटाने ओळखायचं. चुकून कळ उलटी असली तरी सेट तक्रार करत नाही. आणि समोरच्याचा सेट? तो कुलूपबंद बोलणंही ऐकवतो नि उघडंही, दोन्ही सारख्याच आवाजात. दहा जणांच्या गटात एकाची कळ उलटी राहिली तर बाकी नऊ जणांना दिवसभर काही वेगळं वाटत नाही. वेगळं फक्त बाहेर बसलेल्या ऐकणाऱ्याला वाटतं.

दुसरं, किल्ल्या ठरावीक मुदतीने बदलायच्या. एखाद्याची बदलायची राहिली की ऐन कारवाईत तो मुका. मग सगळे काय करतात? त्याच्यासाठी सगळेच कुलूप काढून बोलतात. एका विसराळू माणसासाठी अख्खा गट उघडा.

तिसरं आगाऊपणाचं आहे. पी२५ चं बोलणं दाबायला अख्खी लहर दाबावी लागत नाही. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचा एक छोटासा भाग बिघडवला की पुढचं सगळं सेट फेकून देतो. त्यांनी हे मुलींसाठीच्या एका गुलाबी चॅटिंग खेळण्याचं सॉफ्टवेअर बदलून दाखवलं. आता विचार कर, कुलूपबंद बोलणं अधूनमधून तुटतंय असं वाटलं की अधिकारी काय करणार? "आज हे एनक्रिप्शन त्रास देतंय" म्हणणार आणि कळ फिरवणार.

गडवाट

+१ हॅमकाका. ट्रेकला आम्हीही सेट नेतो, आणि तिथे नेमकं उलटं. पुढचा आणि मागचा लीड एवढंच बोलतात, पण काही झालं तर शेजारच्या धारेवरच्या दुसऱ्या गटानेही ऐकावं असंच वाटतं. एकदा आमच्यातल्या एकाने हौसेने पुढच्या सेटवर कोड लावून ठेवला होता. मागून हाका मारमारून मागच्या लीडच्या सेटची बॅटरी उतरली, आम्हाला पुढे काही ऐकू नाही. त्याचं सगळं हवेत जात होतं, ऐकणारे आम्हीच बोळे घातलेले. नाळेच्या तोंडाशी भेटला तेव्हा जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

रुळावरचा

गडवाट यांच्या मुद्द्याला धरून. मी रेल्वेत सिग्नल आणि टेलिकॉमला होतो, आता निवृत्त.

ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये श्चेचिनच्या आसपास एका रात्रीत वीसेक गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. तिथे "रेडिओ-स्टॉप" नावाची सोय आहे. ठरावीक सूर ठरावीक क्रमाने हवेत सोडले की ऐकू येईल त्या प्रत्येक इंजिनाला आपोआप ब्रेक लागतो. कुलूप नाही, किल्ली नाही, कोण बोलतोय याची चौकशी नाही. कोणीतरी साध्या सेटवरून ते सूर सोडले, आणि मधेमधे रशियाचं राष्ट्रगीतही वाजवलं. पुढे तशाच प्रकारावरून दोघांना पकडलं.

बातमी आली तेव्हा सगळे म्हणाले, केवढा मूर्खपणा, पासवर्ड नाही? मी नाही म्हणालो. समोर रुळावर दरड पडलीय आणि गँगमन पासवर्ड आठवत बसलाय, हे मला नको. आपल्या डब्यातली साखळी बघा. तिला कुलूप लावलंय का? कोणीही ओढावी अशीच ती आहे. उगाच ओढलीत तर कलम १४१ आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. थांबलेली गाडी ही सुरक्षित गाडी, हा हिशोब.

फरक एवढाच की साखळी ओढायला गाडीत बसावं लागतं, आणि ओढणारा त्याच डब्यात सापडतो. रेडिओवर ओढणारा दोन गावं पलीकडे मोटारीत. साखळीची लांबी वाढली, नियम तेच राहिले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डॅलस शहराचे वादळाचे १५६ भोंगे मध्यरात्रीच्या सुमारास असेच कोणीतरी रेडिओवरून वाजवले होते. तिथे उभी राहायला गाडी नव्हती, झोपमोड झाली ती मात्र सबंध शहराची.

पानशेतकर (धागाकर्ता)

बाप रे. पार्सलापासून पोलंडपर्यंत! सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलंच, आमच्या सेटांना परवाना लागतो का?

हॅमकाका

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे सेट २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून मोकळे आहेत. बाकी पट्ट्यांतले नाहीत, मग ते दुकानात कितीही सहज मिळोत. ऑनलाइन विक्रीत हा घोळ इतका झाला की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि वॉकीटॉकी विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना आणल्या. मागच्या स्टिकरवर पट्टा कुठला लिहिलाय ते बघा. आणि भाच्याला सांगा, ऐकू येतं म्हणून कायद्याने ऐकायची मुभा असते असं नाही. स्वतःच्या सोसायटीपुरतं ठेव म्हणावं.

पानशेतकर (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, कारण इथल्या दोघांनी निरोप पाठवून विचारलं.

सेट तेच ठेवलेत, पट्टाही तोच निघाला. डिजिटलचा ठराव बारगळला, कारण "किल्ल्या कोण भरणार" या प्रश्नावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. वॉचमनना सांगितलं, कोण घरी आहे, कोण नाही, हे सेटवर बोलायचं नाही.

मोरेमामांनी स्वतःच तोड काढली. कुलूप असलं की म्हणायचं, "उपास आहे." सातशे दोनला उपास, तीनशे एकला उपास. मला फार आवडलं. दुसऱ्या रविवारी भाचा परत आला, बाल्कनीत अर्धा तास बसला आणि म्हणाला, "मामा, ज्यांचा उपास, त्यांचीच पार्सलं खाली राहतात. उपास म्हणजे कुलूप ना?"

त्यात सातशे दोनच्या काकू गावाहून परतल्या. गेटवर मोरेमामांच्या हातातल्या सेटवर मागच्या गेटचा आवाज आला, "सातशे दोनचा उपास सुटला का?" काकू तडक समितीच्या खोलीत. घरात मी काय खाते, काय नाही, याची चौकशी वॉचमनने कधीपासून सुरू केली, म्हणून.

आता पार्सलाचं इंटरकॉमवर बोलतात.

शंकासुर

हहपुवा. काकूंना केर्कहॉफ्स वाचायला द्या.